नऊ मिनिटं अकरा सेकंद

"कुणाला कळतंय?" एवढं कुणी माझ्यासमोर म्हणालं की अजून माझं डोकं फिरतं. प्लंबर भिंतीतला पाइप तिरका बसवतो आणि म्हणतो, प्लास्टर झाल्यावर कुणाला कळतंय. शेजारीण शिळ्या खोबऱ्याची बर्फी पाहुण्यांपुढे ठेवते आणि डोळा मारते, कुणाला कळतंय. मी साठी ओलांडलेली बाई, रक्तदाब आहे, डॉक्टरांनी रागावायचं नाही म्हणून बजावलंय. पण काय करू, हा रोग मला आगटेबाईंकडून लागला आणि त्यावर गोळी नाही.

आधी माझ्या मराठीबद्दल सांगून टाकते. आमचं घराणं पाच-सहा पिढ्यांपासून बेंगळूरचं. कॉटनपेटेत घर, चिकपेटेत भावाचं टेलरिंगचं दुकान. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की आता वेगळं काढता येत नाही. पुण्यामुंबईकडून आलेली मंडळी आमचं बोलणं ऐकून गालात हसायची. आगटेबाई हसल्या नाहीत. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांना "सरी मेडम" म्हणाले, सरी म्हणजे आमच्याकडे बरं, तेव्हा त्या म्हणाल्या, मेडम काढ आणि बाई म्हण, पण सरी राहू दे, गोड आहे.

आमचा एक सरकारी कारखाना होता आणि त्यात मापाची उपकरणं तपासणारा विभाग. मीटर, गेज, स्टॉपवॉच, काटे. उपकरण खरं सांगतं की खोटं, एवढंच आमचं काम. बाई विभागाच्या प्रमुख, मी त्यांची मदतनीस. बरोबर निघालेल्या उपकरणाला हिरवी चिठ्ठी लागायची, चुकलेल्याला लाल. लाल चिठ्ठीवर छापलेलं असायचं, 'वापरू नये'. प्रत्येकाबरोबर एक दाखला जायचा आणि त्याच्या तळाला दोन सह्यांच्या जागा असायच्या. डावीकडे तपासणाऱ्याची सही, उजवीकडे 'निकाल मान्य' म्हणून ज्यांचं उपकरण त्यांची. चुकलेल्या उपकरणाच्या दाखल्यावर सही करायला लोक फार टाळायचे, कारण सही केली की चूक कबूल केल्यासारखं होई. बाई मग स्वतः कागद घेऊन त्या साहेबाच्या टेबलापुढे उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. उजवीकडची सही आल्याशिवाय त्यांनी कधी फाइल बंद केली नाही.

दिसायला बाई अगदी साध्या. बुटक्या, काटक, सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. पर्समध्ये इतर बायकांच्या असतात त्या वस्तूंऐवजी एक स्टॉपवॉच, एक थर्मामीटर आणि शाळेत दाखवतात तसला, एकच ठरलेला सूर देणारा पोलादी नादकाटा. तो काटा गुडघ्यावर हलकेच आपटायचा आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवायचा, ही त्यांची सवय. चहा उकळायची वाट बघतानासुद्धा. त्या मूळच्या मिरजेच्या. घर तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे लहानपणापासून दिवसभर कुणीतरी तारा जुळवत असलेलं कानावर पडायचं. त्या म्हणायच्या, इतर मुलींना आईची हाक ऐकून जाग यायची, मला बेसूर तार ऐकून.

कारखान्याचा भोंगा चाळीस सेकंद उशिरा वाजायचा. हजारो माणसांपैकी कुणाचं काही अडलं नव्हतं. बाईंनी दर सोमवारी एक पत्र द्यायचं ठरवलं. सव्वा वर्ष पत्रं गेली. शेवटी भोंगा वाजवणाऱ्या माणसानं आपणहून एक उपाय काढला. बाई सकाळी फाटकातून आत शिरल्या की तो आपलं घड्याळ लावून घ्यायचा. बाईंना हे कळलं तेव्हा त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या उलट भडकल्या. म्हणाल्या, उद्या मी आजारी पडले तर?

पीण्या म्हणजे गावाबाहेरची औद्योगिक वसाहत, तिथल्या छोट्या कारखान्यांची उपकरणंही आमच्याकडे यायची. एकदा एक मालक बॉयलरचा गेज घेऊन आले. गेज दाब कमी दाखवत होता, म्हणजे आत खरा दाब जास्त. बाईंनी लाल चिठ्ठी लावली. मालक हात जोडून म्हणाले, ऑर्डर अडकलीय मेडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं जुळवून घ्या. बाईंचं कन्नड तोडकंमोडकं, पण एक वाक्य त्यांनी घोटून पाठ केलेलं होतं. "अ‍ॅडजस्ट मशीन माडबेकु, नानल्ल." जुळवून यंत्रानं घ्यायचं, मी नाही. मालक तणतणत गेले आणि दुसरीकडून कुठूनतरी हवा तसा कागद करून आणला. बाईंनी त्यांना तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग एका शनिवारी मला बरोबर घेऊन त्या बसनं पीण्याला गेल्या आणि त्या बॉयलरपाशी उभ्या राहणाऱ्या माणसालाच चौथं पत्र दिलं. त्याला वाचता येत नव्हतं. बाईंनी आपल्या त्या भयंकर कन्नडमध्ये त्याला ते वाचून दाखवलं. तो हसला नाही, दोन पावलं मागे सरकला.

तर अशा या बाई. आणि ही बाई आयुष्यात एकदा, फक्त एकदा, गप्प बसली. तीच गोष्ट सांगायला मी बसलेय.

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हाची ही हकिगत, नव्वदचं दशक संपायला आलं होतं. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान थोडा उतरलाय, वयाप्रमाणे चालायचंच. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. तेव्हापासून कुठल्याही आवाजाबद्दल मत द्यायची वेळ आली की त्या क्षणभर थांबायच्या. आधी कधी थांबत नसत.

माझ्या भावाची मुलगी पद्मजा, आम्ही तिला पद्मी म्हणतो, तेव्हा वीस-एकवीसची. पोरीचा गळा असा की गल्लीतले लोक खिडकीशी थांबायचे. तुकाअण्णा, माझा भाऊ, दिवसभर शिवणयंत्र चालवायचा आणि दुकानातून आल्यावर तिच्याबरोबर पेटी धरायचा. बेंगळूरला एक मराठी मंडळ होतं. आता नाही. नाव घेत नाही, घेतलं तर तोंड कडू होईल. त्या मंडळानं जाहीर केलं की एका होतकरू गाणाऱ्याला शिष्यवृत्ती देऊन वर्षभर पुण्याला गुरूंकडे शिकायला पाठवणार. आधी दहा मिनिटांची कॅसेट पाठवायची, मग समोर बसून गायचं. अण्णाला वाटलं, पोरीचं आयुष्य उजळलं. त्यानं घड्याळ समोर ठेवून बरोबर दहा मिनिटं गाणं गाऊन घेतलं. स्वतः पेटीवर होता. काळी चारमध्ये, म्हणजे पद्मीची जी नेहमीची पट्टी, तिच्यात.

कॅसेटमध्ये खरखर फार होती. आमच्या माडीवर निखिल म्हणून पुण्याचा एक पोरगा भाड्यानं राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता, खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर. तेव्हा कॉटनपेटेत घरी कॉम्प्युटर म्हणजे अप्रूप. तो म्हणाला, काका, मी कॉम्प्युटरवर घेऊन साफ करून देतो. त्यानं गाणं आत घेतलं, खरखर काढली आणि परत कॅसेटवर उतरवलं. नवी कॅसेट आणायला निघाला तर अण्णा म्हणाला, कशाला, हीच आहे की. झालं, मूळ गाणं पुसलं गेलं. या एका वाक्याचा अण्णाला अजून पश्चात्ताप आहे.

उतरवायचा तो दिवस गौरीचा होता. हळदीकुंकवाला बाई आल्या होत्या. निखिलनं सगळ्यांना माडीवर बोलावलं, कारण त्याच्याकडे एक नवी गंमत होती. गाणं वाजायला लागलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंग नाचायचे. आलापीला हिरव्या-जांभळ्या लाटा, तान आली की ठिणग्या, समेवर सगळा पडदा पांढरा. आम्ही सगळे आ वासून बघत बसलो. ते रंग चालू ठेवूनच त्यानं शेजारच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरायला लावली.

मधेच अण्णा म्हणाला, आवाज स्वल्प बारीक येतोय काय? निखिल म्हणाला, डिजिटल आहे काका, क्लिअर झालाय. पद्मीनं मला हळूच विचारलं, आत्या, माझा आवाज असा आहे? मी, अकरा वर्षं आगटेबाईंच्या हाताखाली काम केलेली मी, तिला म्हणाले, स्वतःचा आवाज टेपवर सगळ्यांनाच परका वाटतो. आणि बाई? त्यांचा हात पर्समध्ये गेला होता. नादकाटा अर्धा बाहेर आला होता. त्यांनी तो बघितला, निखिलच्या पडद्याकडे बघितलं आणि काटा परत आत ठेवला. म्हणाल्या, "छान." बाई कधी कशाला छान म्हणत नसत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कॅसेट मंडळाला इतकी आवडली की पद्मीचं नाव यादीत पहिलं लागलं. नवरात्रात समोर बसून गायला बोलावलं. तिथं परीक्षकांनी पेटीवर काळी पाचचा सूर दिला, तुझी टेप याच्याच आसपास आहे म्हणाले. पद्मी म्हणाली, माझी काळी चार. ते म्हणाले, टेपमध्ये तर एवढ्या वर सहज जातेस, ताना किती भरभर घेतेस, आता काय झालं? तिनं काळी पाचमध्ये प्रयत्न केला, वरच्या पंचमाला गळा चिरला. मग आपल्या पट्टीत गायली, सुंदर गायली असणार, पण तोवर त्यांनी ऐकायचं बंद केलं होतं. ते एकमेकांकडे बघत होते. घरी आली तेव्हा चप्पलही न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

आता खरा संताप सांगते. एखाद्या शहाण्या माणसानं मुलीला बाजूला बोलावून विचारलं असतं, बाळ, ही टेप कशी झाली. कुणी विचारलं नाही. कोजागिरीच्या कार्यक्रमात, दूध वाटायच्या आधी, मंडळाचे अध्यक्ष माइकवर आले आणि म्हणाले की यंदा एका उमेदवारानं दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आपला म्हणून पाठवला, असले प्रकार मंडळ खपवून घेणार नाही. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, उमेदवार पाच आणि यादीतून गळलेली एकच. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, अण्णानं स्वतः शिवलेला ब्लाउज घालून. मागे एक बाई दुसरीला म्हणाल्या, अहो, शिंप्याच्या घरात असला आवाज कुठून येणार, मला आधीच शंका होती. मी वळून बघितलं. त्या दुधात केशर आहे का ते बघत होत्या.

टेप परत आली तेव्हा तिच्यावर लाल शाईनं 'बाद' लिहिलं होतं. अण्णानं पेटी माळ्यावर टाकली. पद्मी गायची बंद झाली. बंद म्हणजे गुणगुणणंसुद्धा बंद. घर असं शांत झालं की मला रात्री नळाचं टपटपणं ऐकू यायला लागलं.

शेवटी एक दिवस मी विभागात बाईंना हे सांगितलं आणि मला रडू आवरेना. बाईंनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. त्यांनी एकच विचारलं, ती टेप किती मिनिटांची आहे? मी म्हणाले, दहा, अण्णानं घड्याळ लावून घेतलंय. त्या संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या, आमच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली आणि स्टॉपवॉच दाबलं. गाणं संपलं. नऊ मिनिटं अकरा सेकंद. बाई अण्णाला म्हणाल्या, "एकोणपन्नास सेकंद कुठं गेले?"

त्या तशाच माडीवर चढल्या. निखिल बिचारा जेवत होता. गाणं अजून त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, नशीब. बाईंनी रंग चालू ठेवून वाजवायला सांगितलं. नऊ मिनिटं अकरा सेकंद. मग म्हणाल्या, आता रंग बंद कर. रंग बंद केल्यावर तेच गाणं दहा मिनिटं चाललं, आणि खोलीत पद्मीचा आवाज आला, तिचा खरा, तिच्या पट्टीतला. अण्णा भिंतीला टेकून उभा होता तो खाली बसला.

निखिल सुरुवातीला म्हणाला, काकू, असेल थोडा फरक, पण कुणाला कळतंय? बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ताट बाजूला सारलं आणि शोधायला बसला. शेवटी सापडलं ते असं. कॉम्प्युटर गाणं अखंड ठेवत नाही, एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर वेळा त्याची नोंद घेतो आणि वाजवताना त्याच वेगानं वाचतो. तो रंगांचा प्रोग्रॅम मात्र सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार मागायचा, आणि प्लेअर कसलाही हिशोब न जुळवता गाणं त्या वेगानं पुढे ढकलायचा. मला काही उमजेना. बाई म्हणाल्या, जपमाळ बघ, मणी तेच, पण ओढायचा वेग वाढवला. माळ लवकर संपते. गाण्यात मात्र मणी भरभर ओढले की सूरही वर चढतो.

खाली उतरताना बाई जिन्यात थांबल्या. पद्मी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. बाई तिच्यासमोर, त्या अरुंद जिन्यात, हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गौरीच्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं की सूर चढलाय. मला वाटलं माझाच कान गेला. विचारायची लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. पद्मी घाबरून उठली आणि त्यांचे हात धरले. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, त्यांना तसं वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विभागात त्यांनी एक लाल चिठ्ठी लिहिली, 'उपकरण: आगटे, डावा कान. वापरू नये', आणि यंत्र लावून स्वतःचा कान एकेका सुराला तपासला. वरचे, अगदी बारीक आवाज गेले होते. गाण्याचे सूर सगळे शाबूत होते. चिठ्ठी फाडताना म्हणाल्या, कान बरोबर होता शकू, छाती कमी पडली.

पुढच्या रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत आम्ही पाच जण गेलो. निखिल रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन बसला होता. पोरगा वाईट नव्हता. आपली चूक आपणच सांगतो म्हणाला, आणि सांगितलीही. अण्णानं माळ्यावरून पेटी काढून आणली होती. अध्यक्ष, परीक्षक पेटीमास्तर आणि आणखी दोघं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, अर्धा तास आहे.

बाई म्हणाल्या, पुरे. त्यांनी टेप लावली आणि पेटीमास्तरांना सूर शोधायला सांगितलं. मास्तरांनी काळी पाच दाबली, टेप खाली. पांढरी सहा दाबली, टेप वर. पुन्हा काळी पाच. सूर दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे होता. मास्तर म्हणाले, गाणारी गाते कधी मधेच. बाई म्हणाल्या, गाणारी गाईल हो, पण टेपमध्ये पेटीपण वाजतेय. पेटी दोन पट्ट्यांच्या मधे कशी वाजली? आणि ही तीच पेटी, दाबून बघा. मास्तरांनी पेटी दाबून बघितली आणि पुन्हा टेपला कान लावला. निखिलनं रंग बंद करून गाणं लावलं. काळी चार, पेटीला पेटी जुळली.

एक सदस्य म्हणाले, मग मुलीनं आता दोन आलाप घ्यावेत, म्हणजे आमची खात्री होईल. पद्मीनं माझा पदर घट्ट धरला. बाई म्हणाल्या, "ती गाणार नाही. परीक्षा तिची नव्हती, यंत्राची होती. आणि तुमची."

अध्यक्ष माणूस सभ्य होते, तेच तर वाईट. त्यांनी हसून कबूल केलं की गैरसमज झाला. यंदाची निवड झालीय, पुढच्या वर्षी तिनं जरूर अर्ज करावा, आपण लक्ष देऊ. आता विषय वाढवण्यात अर्थ नाही, लोक विसरलेसुद्धा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चोर म्हणालात ते माइकवर. बरोबर म्हणताना खोलीत का? आमची चूक आम्ही सांगितली. तुमची तुम्ही चार लोकांत सांगा."

अध्यक्ष म्हणाले, बाई, जाऊ द्या हो.

बाईंनी पर्समधून कागद काढला. आमच्या विभागातला दाखला असतो तसाच, हातानं आखलेला, कारखान्याचा कागद त्यांनी वापरला नव्हता. तपासलेली वस्तू: पद्मजा पिसे हिच्या गाण्याची कॅसेट. दोष: वाजवणाऱ्या यंत्राचा. आवाज: तिचाच. डावीकडे बाईंची सही होती. उजवीकडे 'निकाल मान्य', आणि पुढे रिकामी जागा. अध्यक्षांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला आणि म्हणाले, बघतो.

त्या 'बघतो'वर दीड वर्ष गेलं. बाई तीनदा त्यांच्या घरी गेल्या. दरवेळी त्यांना बसा म्हटलं गेलं, दरवेळी त्या उभ्या राहिल्या, एकदा पाऊण तास. दरवेळी चहा आला आणि सही आली नाही. कुणी म्हणेल, एका सहीचं काय एवढं. मी सांगते काय. आमच्या पद्मीला लग्नासाठी बघायला आलेल्या एका माणसानं अण्णाला विचारलं, ती टेपवाली मुलगी हीच का? एवढं होतं सहीचं.

पद्मीनं पुढच्या वर्षी अर्ज केला नाही. पण ती गायला लागली. त्या रविवारी घरी आल्यावर पेटी परत माळ्यावर गेली नाही, खोलीतच कोपऱ्यात राहिली, आणि चार दिवसांनी मी कामावरून आले तर आतून षड्ज ऐकू आला. आज ती देवनहळ्ळीच्या बाजूला राहते, तिथल्या शाळेत मुलांना गाणं शिकवते. निखिल बेळ्ळंदूरला राहायला गेला, तेव्हा तिथं तळ्याकाठी शेतंच होती. अध्यक्ष वारले. त्यांच्या शोकसभेत लोक म्हणाले, अतिशय सौजन्यशील माणूस. मी उठून बाहेर आले.

बाई निवृत्त झाल्या आणि मिरजेला परत जायला निघाल्या. सिटी स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो, अण्णा, पद्मी आणि मी. सामान फारसं नव्हतंच, एक ट्रंक, एक वळकटी आणि ती पर्स. गाडी सुटायच्या आधी त्यांनी पद्मीला खिडकीपाशी बोलावलं, नादकाटा गुडघ्यावर आपटून कानामागे टेकवला आणि तिला एक सूर लावायला सांगितला. प्लॅटफॉर्मवरच्या त्या कोलाहलात पोरीनं सूर लावला. हमाल थांबून बघायला लागले. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. छान म्हणाल्या नाहीत.

मग माझ्या हातात एक फाइल दिली. आत तो एकच कागद. म्हणाल्या, "शकू, ही बंद झालेली नाही."

मी सरी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. गाडी हलली. मी कागद हातात धरून दोन पावलं खिडकीबरोबर चालले. बाईंचा हात गजांतून बाहेर आला. तो निरोपाचा नव्हता. गाडी फलाटाच्या टोकाला जाईपर्यंत त्यांचं बोट त्या कागदाकडे होतं, खाली उजवीकडे, जिथं सही नव्हती. अजून नाही.